निरंक

"हात पुढं कर," साहेब म्हणाले.

मी दोन्ही हात पुढं केले. नोकरीचा सहावा दिवस होता माझा. समोर दहा-बारा नवीन फौजदार उभे होते, प्रशिक्षणातून नुकतेच निघालेले. त्यांना आमचं दफ्तर दाखवायला आणलं होतं. गुन्हेगाराचे ठसे कसे घेतात ते प्रत्यक्ष करून दाखवायचं होतं आणि त्या दिवशी नेमकं कोठडीत कोणी नव्हतं. साहेबांनी दफ्तरभर नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली.

"ही आमची नवीन क्लार्क. फासेपारधी आहे. म्हणजे तुम्हाला अस्सल माल बघायला मिळतोय."

सगळे हसले.

काचेवर काळी शाई पसरलेली होती. साहेबांनी माझं मनगट धरलं आणि एकेक बोट शाईत लोळवून कागदावर फिरवलं, नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. साहेब पुण्याकडचे. बोलणं शुद्ध.

"बोटं सैल सोड. घरी पाहिलं असशील की."

पुन्हा हसले. आणि मी पण हसले. हे सांगताना आजही जीभ जड होते. कोणी बंदूक रोखली नव्हती. दात काढायचं काही कारण नव्हतं, तरी काढले. बी.ए. झालेली, परीक्षा देऊन लागलेली बाई मी, आणि हात शाईत बुडवून त्यांच्याबरोबर हसत उभी राहिले.

दहाही बोटं झाल्यावर साहेबांनी तो कागद चुरगाळून टोपलीत टाकला. "घाबरू नको, रेकॉर्डला लावत नाही," म्हणाले. केवढी मेहेरबानी.

मग चहा आला. बडेबाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, मला म्हणाले, "बाई, तू कपाले हात नको लावू. शाई लागन." मी रॉकेलच्या फडक्यानं हात पुसले, साबणानं दोनदा धुतले. परत आले तेव्हा ट्रे रिकामा होता.

हे दफ्तर कोणत्या जिल्ह्यातलं ते मी सांगणार नाही. अकोला म्हणा, अमरावती म्हणा. कपाटं सारखीच आणि कपाटापुढं बसणारी माणसंही सारखीच. काम होतं पोलिसांच्या गुन्हे अभिलेखाचं. कोणावर कुठं कोणता गुन्हा दाखल, त्याची पद्धत काय, सवयी काय, पुढं कोर्टात काय झालं. प्रत्येकाचं एक कार्ड. नाव, उर्फ, बापाचं नाव, वर्ण, खुणा, आणि जात. जातीचा रकाना कधी रिकामा नसायचा. कोर्टाच्या निकालाचा रकाना बहुतेक रिकामाच असायचा.

आमचा बेडा, म्हणजे पारध्यांची वस्ती, हिवरखेडकडचा. आजा तितर-बटेर धरायचा. बाप शेतं राखायचा, संत्र्याच्या बागा, कपाशी, जे राखायला मिळेल ते. बाप राखायचा त्या शेतात कधी चोरी झाली नाही. पण अकोटपर्यंत कुठंही काही चोरीला गेलं की पोलिसांची गाडी आधी आमच्या बेड्यावर. माणसं झोपडीबाहेर ओळीत उभी. शिपाई मोजायचा. एखादा कमी भरला की त्याच्या बायकोला शिव्या. मी चौथीत धारणीकडच्या आश्रमशाळेत गेले. एसटी, मग जीप, मग पायी. तिथं पहिल्यांदा मला हजेरीत नावानं हाक मारली.

नोकरीचं पत्र आलं तेव्हा मी बापाला सांगितलं की पोलिसांच्या दफ्तरात लागले. तो म्हणाला, "पोरी, तिथं खुर्ची देतीन ना तुले? उभं तं नाही ठेवत?"

माझ्या बापाला पोलीस ठाणं तेवढंच माहीत. उभं राहायची जागा.

खुर्ची मिळाली. शेख हवालदार ठशांचं काम बघायचे, निवृत्तीला आलेले, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारे. त्यांनी मला ठसे वाचायला शिकवलं. शंख, चक्र, कमान. भिंगाखाली रेघा मोजायच्या, कुठं फुटतात, कुठं संपतात. त्या फौजदारांच्या दिवसानंतर ते मला म्हणाले होते, "उंगली में जात नहीं दिखती बेटा. दिखती तो मैं सबसे पहले बताता." बोलले ते मला एकटीला. त्या दिवशी सगळ्यांसमोर मात्र काचेवर शाई त्यांनीच पसरली होती.

दुसऱ्या महिन्यात कार्डं लावताना माझ्या हातात आज्याचं कार्ड आलं. मला धक्का बसला नाही. असणार हे माहीत होतं. तीन गुन्हे, तिन्हीत संशयित, निकालाचा रकाना कोरा. मग मी कार्ड उलटलं. मागच्या बाजूला दर महिन्याच्या तपासणीच्या नोंदी. शिपायानं घरी जाऊन बघायचं, लिहायचं, सही करायची. "घरी मिळून आला. हालचाली संशयास्पद." "घरी मिळून आला. हालचाली संशयास्पद." खाली खाली वाचत गेले आणि तारखांवर अडकले.

आजा मेला तेव्हा मी सहावीत होते. त्याला माती द्यायला मला शाळेतून आणलं होतं. आणि या कार्डावर मी बारावी होईपर्यंत तो दर महिन्याला घरी मिळून येत होता. मेलेल्या माणसाच्या हालचालीही यांना संशयास्पद वाटत होत्या. खाली सही. लफ्फेदार.

मी ते कार्ड बडेबाबूंपुढं ठेवलं. "बाबू, हा माणूस मेला हाये."

त्यांनी पाहिलं. "मंग मयत लिही."

"या सह्या कोनाच्या?"

"त्याले काय करतं तू? शिपाई बिचारा किती ठिकानी जाईन? बसल्या बसल्या लिहत असन."

बिचारा शिपाई. त्या दिवशी माझी भीती थोडी कमी झाली. लहानपणापासून मला वाटायचं, पोलिसांकडं सगळं लिहिलेलं असतं, त्यांना सगळं ठाऊक असतं. बेड्यावरच्या सगळ्यांनाच तसं वाटायचं. आणि इथं हे लोक. ज्यांना जिवंत-मेलेलं कळत नव्हतं. ज्यांच्या कागदांना आम्ही तीन पिढ्या भ्यालो, ते कागद पंख्याखाली बसून पान चघळत लिहिलेले.

मग मी निकालांच्या मागं लागले. कोर्टातून निकाल येतात ते जातात कुठं? शेख हवालदारांनी हनुवटीनं दाखवलं. कपाटामागं एक सरकीचं पोतं होतं. तोंड सुतळीनं बांधलेलं. उघडलं तर आत कोर्टाची पत्रं, उंदरांनी कुरतडलेली. निर्दोष. निर्दोष. पुराव्याअभावी मुक्त. कित्येक वर्षांची. कोर्टानं सोडलेली माणसं या पोत्यात बांधून ठेवलेली होती आणि त्यांची कार्डं कपाटात गुन्हेगार म्हणून उभी होती.

"सावकाश लावू," बडेबाबू म्हणाले. "घाई कोनाले हाये?"

मी रोज जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून दहा-पंधरा पत्रं लावू लागले. कार्ड शोधायचं, निकाल लिहायचा, कोर्टाचा क्रमांक टाकायचा. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी अडवलंही नाही. येडी आहे म्हणत असतील.

ते साल वाईट होतं. तालुक्यात कपाशी उगवलीच नाही. पाऊस बरा होता, पण एका मोठ्या कृषी केंद्रवाल्या शेठनं विकलेलं बियाणंच खोटं निघालं. लोक रिकामी पाकिटं हातात घेऊन ठाण्यासमोर बसले होते. बोभाटा झाला म्हणून गुन्हे नोंदवावे लागले. दोन ठाण्यांत दोन. माझा बाप राखायचा त्या शेतातही मातीच दिसत होती. उगवलंच नाही तर राखायचं काय? बापाला त्या साली काम नव्हतं. आणि विहिरींवरच्या मोटारी चोरीला जाऊ लागल्या तशी गाडी पुन्हा बेड्याबेड्यांवर फिरू लागली.

त्याच हिवाळ्यात एका आठवड्यात दोन कागद माझ्या टेबलावर आले.

पहिला त्या शेठचा. त्याला रिव्हॉल्व्हरचा परवाना हवा होता. जिवाला धोका आहे म्हणे. त्याचा पूर्वेतिहास तपासून कळवायचा होता.

दुसरा सुरेखा नावाच्या मुलीचा. आमच्याच जमातीची, दुसऱ्या बेड्यावरची. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिची परिचारिका म्हणून निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणी आमच्याकडं आली होती. तिच्या नावावर काहीच नव्हतं. अशा वेळी एक शब्द लिहायचा असतो. निरंक. म्हणजे काही नाही, कोरं.

पण बडेबाबूंनी मसुदा आधीच लिहून ठेवला होता. मी तो अजून तोंडपाठ म्हणू शकते. "अर्जदार स्वतः अभिलेखावर नाही. तथापि अर्जदाराचे वडील अभिलेखावरील गुन्हेगार असून सदर जमात गुन्हेगारी प्रवृत्तीची असल्याने नियुक्तीबाबत साशंकता वाटते."

"हे टाइप कर अन् साहेबायच्या टेबलावर ठेव," म्हणाले. "अन् शेठचं निरंक करून टाक."

मी कागद दोनदा वाचला. "बाबू, तिचा बाप मोटारचोरीच्या जुन्या केसमधून सुटला हाये. निर्दोष. निकाल मले पोत्यात सापडला, मी कार्डाले लावला."

"सुटतेच ते लोकं. साक्षीदार फुटते."

"अन् शेठवर दोन गुन्हे हायेत. मी नंबर पाह्यले."

"बाई, त्यायचं कार्ड नसते काढत."

"काहून?"

बडेबाबूंनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते, असं सगळे म्हणतात. त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं होतं. "काहून म्हंजे? ते काय गुन्हेगार हायेत काय?"

मी टाइपरायटरवर कागद चढवला. हात सवयीनं चढवतो. 'अर्जदार स्वतः' एवढं टाइप झालं आणि मी थांबले. कोण लिहून राहिलं हे? मी. ही मुलगी उद्या घरी बसेल ती माझ्या बोटांनी लिहिलेल्या वाक्यानं. त्या फौजदारांपुढं मी हसले होते, ते माझ्या एकटीच्या अंगावर गेलं. इथं हसले तर दुसरीच्या अंगावर जाईल.

मी कागद काढला. "मी नाही टाइप करत हे."

"काय?"

"नाही करत."

बडेबाबू कागद घेऊन आत गेले. पाच मिनिटांत मला बोलावणं आलं. मी तो निकाल सुरेखाच्या कागदांना जोडला आणि दोन्ही फायली घेऊन गेले. साहेबांच्या खोलीत खुर्च्या होत्या, पण बस कोणी म्हणालं नाही. शेख हवालदार फायली घेऊन दाराशी उभे होते.

"तू टाइप करायला नकार दिलास?"

"हो साहेब."

"कारण?"

"तिच्या नावावर काही नाही. तिचे वडील निर्दोष सुटले आहेत. निकाल जोडला आहे."

"आणि जमातीबद्दल लिहिलंय ते खोटं आहे?"

"आपल्याकडं जमातीचं कार्ड नाही साहेब. माणसांची आहेत."

साहेब मागं टेकले. "तू सरकारची नोकर आहेस की बेड्याची?"

"सरकारची. म्हणून लेखी मागते. हे वाक्य आपण आपल्या हातानं लिहा आणि खाली सही करा. मी लगेच टाइप करते. खाली टाकते, साहेबांच्या लेखी आदेशानुसार."

साहेबांनी पेन उचललं. टोपण काढलं. मसुद्याकडं पाहिलं. मग जोडलेल्या निकालाकडं पाहिलं, कोर्टाच्या शिक्क्याकडं. पेन कागदावर टेकलं नाही. टोपण परत लागलं.

तेव्हा मला तो माणूस दिसला. पहिल्यांदा दिसला. झोपड्यांची दारं लाथेनं पाडताना याला काही वाटत नाही. बायांना केस धरून गाडीत घालायचा हुकूम देताना काही वाटत नाही. दहा जणांपुढं माझी बोटं शाईत लोळवताना काही वाटलं नाही. आणि स्वतःच्याच मनातलं एक वाक्य, रोज तोंडानं बोलतो ते, त्याच्याखाली नाव लिहायला हा भितो. एवढीच याची ताकद. सही दुसऱ्याची असेल तोवरची.

"जा," ते म्हणाले. "निरंक कर तिचं. आणि शेठची फाईल इथं ठेव."

मी शेठच्या फाईलला दोन्ही गुन्ह्यांचे क्रमांक एका कागदावर लिहून टाचले होते. तशीच ठेवली.

बाहेर आले. मागून शेख हवालदार आले. हळूच म्हणाले, "अच्छा किया बेटा. लेकिन मेरा नाम कहीं मत लेना. मेरे आठ महीने बाकी हैं."

मी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. घेण्यासारखं त्यांनी काही केलंही नव्हतं. भल्या माणसाचा मला त्या दिवशी साहेबापेक्षा जास्त राग आला. साहेबाकडून मला अपेक्षा नव्हती.

सुरेखाचा अहवाल निरंक गेला. ती कामावर रुजू झाल्याचं मला नंतर एका पत्रावरून कळलं. ती मला ओळखत नाही. ओळख करून द्यावी असं मला वाटलं नाही. जे तिचं होतं तेच तिला मिळालं, माझ्या उपकाराचा त्यात संबंध नाही.

शेठचा अहवालही निरंक गेला. बडेबाबूंनी स्वतः टाइप केला. मी टाचलेला कागद फाईलमध्ये नव्हता, टाचणीची दोन भोकं तेवढी होती. परवाना मिळाला. पुढच्या पेरणीला शेठ कमरेला रिव्हॉल्व्हर लावून दुकानात बसला आणि बियाणं विकू लागला. लोक त्याच्याकडूनच घेत होते. दुसरं दुकान जवळ नव्हतं.

मला ज्ञापन मिळालं. कामात दिरंगाई, वरिष्ठांशी उद्धट वर्तन, खुलासा सादर करावा. मी खुलासा दिला, चार ओळी. काय टाइप करायला सांगितलं होतं ते शब्दशः लिहिलं आणि कोणी सांगितलं ते लिहिलं. त्यानंतर ज्ञापनाचं पुढं काही झालं नाही. तो कागद वर पाठवायची कोणाला हिंमत झाली नाही. पण माझं टेबल काढलं. आवक-जावकला बसवलं, पाण्याच्या माठाजवळ, व्हरांड्यात. येणाऱ्या टपालावर शिक्का मारायचा आणि रजिस्टरला चढवायचं. त्यांना वाटलं, आता ही बाई कार्डांपासून लांब गेली.

बडेबाबू रोज जाता-येता म्हणायचे, "काय बाई, हवा खाऊन राह्यली काय?"

खात होते. कोर्टाचं टपाल आधी माझ्याकडंच यायचं. मी प्रत्येक निर्दोष निकालाला क्रमांक देऊ लागले, आरोपीचं पूर्ण नाव रजिस्टरला लिहू लागले, आणि आतल्या टेबलाकडून पोच म्हणून सही घेऊ लागले. आधी कुरकुर झाली. मी म्हणायचे, नियम आहे. नियम होताच. यांनी कधी वाचला नव्हता. सही केल्यावर पत्र पोत्यात टाकता येईना. हरवलं तर सही कोणाची, हा प्रश्न उभा राही आणि त्या प्रश्नाला हे लोक किती भितात ते मला साहेबांच्या खोलीत कळलं होतं.

वर्षभरानं वरून आदेश आला. सगळी कार्डं कॉम्प्युटरवर चढवायची. एकदा चढली की राज्यात कुठल्याही ठाण्यातून दिसणार. मुदत कमी होती. दफ्तरात कॉम्प्युटर यायचा एका पोराला आणि कुठलं कार्ड कुठं, कोणाचा निकाल काय, हे ठाऊक होतं फक्त मला. साहेब बदलून गेले होते, नवे आले होते. शेख हवालदार निवृत्त झाले होते. बडेबाबू माठाजवळ आले.

"ये आतमंदी. तुह्यं टेबल लावून देल्लं."

"लेखी द्या," मी म्हटलं.

"आता त्यात काय लेखी?"

"मी पन लेखी देतो बाबू. दोन्ही लागतीन."

आणि मी दिलं. पोच घेऊन दिलं. कोर्टाचा निकाल लावल्याशिवाय मी एकही कार्ड चढवणार नाही. मेलेल्याचं चढवणार नाही. सुटलेल्याचं आरोपी म्हणून चढवणार नाही. ज्यांच्यावर गुन्हे दाखल आहेत आणि कार्डं काढलेली नाहीत त्यांची यादी सोबत जोडली आहे, तीही कार्डं काढावीत. यादीत शेठ होता. एक बाजार समितीवाला होता. बडेबाबूंचा साडू होता.

नव्या साहेबांनी वाचलं. "एवढं सगळं केलं तर मुदतीत होणार नाही," म्हणाले.

"नाही होणार," मी म्हटलं.

"मग?"

"मग मुदत वाढवून मागा साहेब. किंवा दुसऱ्या कोणाकडून चढवून घ्या. चढवणाऱ्याचं नाव प्रत्येक नोंदीखाली येतं."

दुसरं कोणी पुढं आलं नाही. येणारही नव्हतं. हे लोक मला ठाऊक झाले होते.

यादीवर अजून काही झालेलं नाही. तिच्यावर 'चर्चा करावी' असा शेरा आहे. मी दर महिन्याला स्मरणपत्र देते. दफ्तरात माझ्याशी कामापुरतं बोलतात. चहा आला की मी उठते, ट्रेमधला पहिला कप उचलते आणि टेबलावर घेऊन येते. कोणी काही म्हणत नाही.

मला यांचं प्रेम नको. यांनी मला आपलं मानावं असंही नको, यांच्यात मानून घेण्यासारखं मला काही दिसत नाही. राजीनामा मी देणार नाही. बदली केली तर जाईन, आणि जिथं जाईन तिथं आधी कपाटामागं बघेन. पोतं सापडलं की त्याची सुतळी सोडेन. बायकोला शिव्या देणाऱ्या शिपायाच्या सह्या, साहेबांचे शेरे, बडेबाबूंचे मसुदे, सगळं मी क्रमांक टाकून ठेवून राहिले. तारखेनिशी. नावानिशी. माझी नोकरी अजून बावीस वर्षं आहे.